चूक रेतीची होती, मग ती मागे का बसत नाही?

पत्र थोडक्यात: इंदूरचे एक वाचक लिहितात, "वय ३३, लग्नाला सहा वर्षं झाली, आई आमच्याजवळच असते. जानेवारीत बायकोला राजेंद्रनगरहून, नात्यातल्या हळदीकुंकवाहून घरी आणत होतो. रात्रीचे साडेनऊ. गाडी १२५ सीसीची, वेग फार तर ४०. ती म्हणाली, 'लवकर चल, गारठले मी.' अन्नपूर्णा रोडवरून आम्ही आत वळतो तिथे एका घराचं बांधकाम चालू आहे, रस्त्यावर नेहमीच रेती सांडलेली असते. काही कळायच्या आत पुढचं चाक सटकलं. मला गुडघ्याला खरचटलं. तिचं कॉलर बोन मोडलं, कपाळाला पाच टाके पडले. हेल्मेट मी घातलं होतं, तिच्यासाठी घरात नव्हतं. सगळे म्हणतात, तुझी काय चूक, रेतीच होती ना. पोलिसांत गेलो नाही. आता तीन महिने झाले, हात बरा आहे, पण ती माझ्या मागे बसत नाही. सिटी बसनं, ई-रिक्षानं नोकरीला जाते. भांडत नाही, बोलत नाही. आई म्हणते, एकदा जबरदस्तीनं बसव, भीती मोडेल. मित्र म्हणतो, पुढच्या महिन्यात विमा संपतोय, तो भरण्यापेक्षा बाइक विक आणि कार घे. मी गाडी नीटच चालवत होतो. तिचा विश्वास परत कसा मिळवू?"

प्रिय भाऊ,

तुमच्या पत्रात मी एका शब्दाशी अडले. 'नेहमीच.' रस्त्यावर नेहमीच रेती सांडलेली असते, असं तुम्ही लिहिलंत. पानभर पत्रात तुमच्याविरुद्ध साक्ष देणारा तेवढा एकच शब्द आहे आणि तो कुणी न विचारता तुमच्याच पेनातून उतरलाय. म्हणून मला वाटतं, तिनं मागे बसावं हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न तुम्ही स्वतःलाच विचारताय, आणि घरातले सगळे मिळून तो तुम्हाला विचारू देत नाहीयेत.

पण आधी रेतीचं बोलू, कारण ती काही बहाणा नव्हती. टायरचं रबर आणि खडबडीत डांबर एकमेकांना भिडतात तेव्हा गाडीला पकड मिळते. मध्ये रेती आली की रबर रस्त्याला टेकतच नाही, दाण्यांवर टेकतं, आणि दाणे बेअरिंगच्या छर्‍यांसारखे गडगडतात. त्यात गाडी वळणावर कललेली. अशा वेळी पुढचा ब्रेक नुसता चाटून गेला तरी चाक वळायचं सोडून बाहेर निसटतं. मागचं चाक घसरलं तर पुष्कळदा सावरता येतं. पुढचं गेलं की पाय टेकवायलाही सवड नसते. 'काही कळायच्या आत' असं तुम्ही म्हणता ते अगदी खरं असणार. तुमच्या गाडीला एबीएस ही ब्रेकची यंत्रणा नसेल. एप्रिल २०१९ पासून ते १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्तीचं झालं, १२५ पर्यंतच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी व्यवस्था तेव्हा चालत होती. पण असतं तरी रेतीवर पकड कुठून आणलं असतं त्यानं? ते चाक जाम होऊ देत नाही, एवढंच.

आणि ज्यानं ती रेती रस्त्यावर ओतून ठेवली त्याचा दोष आहेच. सकाळी गाडी आली की ओला-सुका कचरा वेगळा करून देणारे आपण इंदूरकर, घर बांधायला काढलं की समोरचा अर्धा रस्ता आपल्याच बापाचा समजतो. रेती, गिट्टी, सळया, वर पाण्याची टाकी. महिनोन्‌महिने. त्याला कुणी काही म्हणत नाही, कारण उद्या आपल्यालाही वरचा मजला चढवायचा असतो. 'गाडीवाल्यानंच बघून चालवावं' हे वाक्य अशा लोकांच्या फार सोयीचं आहे. कायदासुद्धा आता तेवढ्यावर थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्ता बांधणाऱ्यानं किंवा सांभाळणाऱ्यानं ठरलेली सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कुणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर त्याला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्याकडची रेती खासगी बांधकामाची, तेव्हा ते कलम इथे सरळ बसेलच असं नाही. पण पडणाऱ्याखेरीज आणखी कुणाचा तरी दोष असू शकतो, हे मान्य झालं ना.

आता मला सांगा, त्या रेतीची तक्रार केलीत का? 'इंदूर ३११' या ॲपवर फोटो टाकायला दोन मिनिटं लागतात. पोलिसांत गेला नाहीत, ठीक आहे, बायको दवाखान्यात असताना कोण जातो. पण नंतरच्या तीन महिन्यांत? तुम्ही तर रोज तिथून जाता. रेतीनंच बायकोचं हाड मोडलं असं ज्याला मनापासून वाटतं, तो दुसऱ्या दिवशी त्या घरमालकाच्या दारात उभा राहतो, नाहीतर स्वतः फावडं घेऊन जातो. तुम्ही यातलं काहीच केलेलं दिसत नाही. रेती तुम्हाला रस्त्यावर नकोय, पण गोष्टीत हवीय, असं तर नाही ना?

राग मानू नका. हे तुमचं एकट्याचं नाही. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या मोटारसायकल अपघातांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी नऊशे अपघातांच्या जागी जाऊन आले. त्यांना दिसलं ते असं: चारातल्या तीन अपघातांत दुसरं एखादं वाहन होतं, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांत त्या दुसऱ्यानंच मोटारसायकलवाल्याची वाट अडवली होती. म्हणजे 'आम्ही नीटच चालवतो, लोकच अंगावर येतात' हे रडगाणं बरंचसं खरं. पण एकट्यानं पडण्याचे जे अपघात होते, त्यांत दोन तृतीयांश वेळा चूक चालवणाऱ्याची निघाली. ब्रेक जास्त दाबला, नाहीतर वळणात वेग जास्त ठेवला. खड्डे-उंचवट्यांच्या माथी शेकडा २ अपघात. आता त्यांचे रस्ते ते त्यांचे. तिथे रात्री काळी म्हैस मधोमध रवंथ करत बसत नाही, की उलट्या बाजूनं लोडिंग रिक्षा येत नाही. तो २ चा आकडा मी आपल्या अन्नपूर्णा रोडला लावणार नाही. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मात्र आपल्यालाही चपखल बसतो: शेकडा ९२ जण गाडी स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. तुम्ही कुणाकडून शिकलात? आमच्याकडे दसरा मैदानावर मामा क्लच सोडायला शिकवतो. गाडी बंद न पडता पुढे गेली की शिक्षण संपलं. थांबायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

असल्या आकड्यांतून ज्याला जे हवं ते काढता येतं, आणि तुमच्या घरात तेच चाललंय. चूक म्हणजे जणू वडिलोपार्जित शेत. रेतीच्या नावावर बारा आणे चढवले की तुमच्या सातबाऱ्यावर चारच उरतात. आई दोन आणे आणखी रेतीकडे सरकवते, काका उरलेले थंडीवर टाकतात. नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेलात तर तिथे अशी टक्केवारी लावतात, लावावीच लागते. पण घरात हा हिशेब बसत नाही. रेती टाकणाऱ्याचा दोष सोळा आणे असू शकतो, आणि माहीत असलेल्या रेतीवर चाळिसानं वळण घेण्याचाही सोळा आणे. एकाचा वाढला म्हणून दुसऱ्याचा घटत नाही.

आणि आता जे सांगते ते जरा सावकाश वाचा. तुमची काहीच चूक नव्हती हे तुम्ही तिला जितकं पटवाल, तितकं तिला तुमच्या मागे बसायचं कारण उरणार नाही. तिच्या जागी बसून बघा. नवरा म्हणतो, मी सगळं नीट केलं होतं. नीट करूनही जर हाड मोडलं, तर उद्याही तो नीटच चालवणार आणि उद्याही हाड मोडू शकतं. रेती काय, शहरभर आहे. उलट तुम्ही म्हणालात, 'तिथे रेती असते हे मला माहीत होतं, मी वेग कमी केला नाही,' तर तिच्या हाती काहीतरी लागतं. तुम्ही काहीतरी वेगळं करू शकला असतात, म्हणजे पुढच्या वेळी कराल. सगळे तुमचा अपराध पुसायला निघालेत, आणि पुसता पुसता तुमच्या हातातलं हँडलच काढून घेतायत.

आमच्या घरचं सांगते. आमच्याकडे स्कूटर होती, मी मागे आडवी बसलेली, मांडीवर दीड वर्षाची लेक. पहिला पाऊस पडून गेलेला, रस्त्यावरचं तेल नुकतं वर आलेलं. कुत्रा आडवा गेला आणि आम्ही तिघं रस्त्यावर. फार लागलं नाही. पण तो कुत्रा आमच्या घरात अमर झाला. कुणी पाहुणे आले की ह्यांची गोष्ट सुरू: कुत्रा कसा आला, रंग कोणता, शेपूट कशी. वर्षं गेली तसा तो वाघाएवढा झाला. मी चहा गाळत ऐकायची. मला त्या कुत्र्याचा एक दिवसही राग आला नव्हता हो. राग होता तो वेगळाच. वळणाआधी मी म्हटलं होतं, रस्ता ओला आहे, जरा बेतानं. त्या गोष्टीत हे वाक्य कधी आलंच नाही. पुढे खूप वर्षांनी एकदा जेवताना हे सहज म्हणून गेले, 'तू सांगितलं होतंस खरं.' बस. तेवढंच हवं होतं. आमटी वाढली आणि विषय संपला.

तुमच्याकडे उलटं झालंय. तुमच्या गोष्टीत तिचं वाक्य आहे. 'लवकर चल, गारठले मी.' हे तुम्ही मला लिहिलंत, म्हणजे आणखी पाच-दहा जणांना सांगितलं असणार. आईसमोरही, बहुतेक तिच्या देखत. वाईट हेतूनं नाही; जे घडलं ते सांगितलं. पण ऐकणारा त्याचा अर्थ काय लावतो? हिनंच घाई केली. आणि ती बोलत नाही याचा अर्थ ती तुम्हाला दोष देतेय असा तुम्ही धरून चालला आहात. कशावरून? कदाचित ती स्वतःलाच देत असेल. कदाचित दोन्ही. मागे बसणारीनं थंडी वाजते म्हणणं ही चूक नव्हे. तिच्याकडे ब्रेक नाही, आरसा नाही, हँडल नाही. वेग किती ठेवायचा हे ठरवणारा हात एकच होता. हे तुमच्या तोंडून, आईच्या समोर, एकदा स्पष्ट निघायला हवं.

मागच्या सीटवरून काय दिसतं, कधी पाहिलंय? तुमच्या जॅकेटची शिवण आणि हेल्मेटचा मागचा गोल. रस्ता दिसत नाही, आला की फक्त कळतो. खड्डा आधी कमरेला कळतो, मग डोळ्यांना. साडी नेसून एका अंगाला बसलं तर आणखी पंचाईत. गुडघ्यांनी गाडी धरता येत नाही, वजन एका बाजूला, पाय एका टीचभर पायदानावर. एक हात तुमच्या खांद्यावर, आणि दुसऱ्या हातात, हळदीकुंकवाहून येताना, काय असतं ते मी सांगायला नको. वाणाची पिशवी. त्यातल्या स्टीलच्या वाट्या रस्त्यावर खणखणत कुठवर गेल्या असतील, तो आवाज तिच्या कानात असेल. चालवणाऱ्याला पडताना निदान हँडल घट्ट धरता येतं. तिनं काय धरलं असेल?

मग हेल्मेट. 'तिच्यासाठी घरात नव्हतं' हे तुम्ही भाजी नव्हती इतक्या सहज लिहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा असा भेद नाही. दंड १००० रुपये, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. पण दंडाचं राहू द्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट नसताना गेलेली ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ मागे बसलेली. हेल्मेटनं मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्के कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये इंदूरात हेल्मेटशिवाय पेट्रोल मिळणार नाही असा हुकूम निघाला, तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट डोक्यावर ठेवून पेट्रोल भरणारे आणि लगेच परत करणारे महाभाग मी पाहिले. तेही एकच हेल्मेट. आपल्या घराघरांत हेल्मेट गाडीबरोबर येतं, माणसांबरोबर नाही.

तेच विम्याचं. तुमचा कागद काढून बघा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात असेल, तो सक्तीचा आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसणाऱ्याचा त्यात समावेश नसतो, वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. म्हणजे हेल्मेट तुमचं, विमा तुमचा, ब्रेक तुमचा, आणि वर 'तुझी काय चूक' हे सांत्वनही तुमचंच. तिच्या वाट्याला टाके. हे सगळं तिनं असं मांडलं नसेल, पण ते तिला जाणवलं नसेल असं समजू नका.

आता सल्ल्यांकडे वळू. आईंचा सल्ला मला पटत नाही. पोहायला शिकवताना पोरांना विहिरीत ढकलायचे, त्या काळातला आहे तो. त्यानं काही जण पोहायला शिकले, काहींनी जन्मभर पाण्याचं नाव काढलं नाही. शिवाय घाबरलेला माणूस मागे बसला की वळणावर उलटीकडे झुकतो, अंग ताठ धरतो, आणि गाडी खरंच हलते. जबरदस्ती केलीत तर दुसऱ्यांदा पडायची सोय कराल.

कारचं जरा वेगळं आहे. मित्र चुकीचं बोलत नाही. त्या रेतीवरून कार गेली असती तर फक्त कर्रर्र आवाज झाला असता. दोन चाकांवर समतोल हा चालवणाऱ्याला दर क्षणी कमवावा लागतो, चार चाकांवर तो फुकट असतो. परवडत असेल, आईंनाही सोयीची पडत असेल, तर जरूर घ्या. पण अपराधाच्या हप्त्यावर घेऊ नका. सात वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला ते दुखणं कापलं जाईल, आणि एखाद्या दिवशी तुमच्या तोंडून जाईल की तुझ्यामुळे कार घ्यावी लागली.

आणखी एक वाट आहे, ती तुमच्यापैकी कुणीच सुचवलेली दिसत नाही: तिनं स्वतः स्कूटर चालवावी आणि तुम्ही मागे बसावं. हसू नका. आधीपासून येत असेल तर उत्तमच, नसेल तर शिकू दे, पण मामाकडून नको, तुमच्याकडूनही नको. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. महिन्याभरानं एकदा तिच्या मागे बसून राजेंद्रनगरला जाऊन या. उजव्या पायानं तुम्ही हवेत कितीदा ब्रेक दाबता, मोजा. आणि हे सगळं करून ती म्हणाली की मला बसनंच जायचंय, तर जाऊ दे. बस ही काही शिक्षा नव्हे.

समजा ती म्हणाली, बसेन. त्याआधी दोघं एकदा चालत त्या वळणावर जा. दिवसाउजेडी. जिथे पडलात तिथे उभे राहा. तिला जे आठवतं ते बोलू दे, मध्ये दुरुस्त्या करू नका, वेग ४० होता की ४५ यावर वाद घालू नका. आणि तिथूनच, तिच्यासमोर, रेतीचा फोटो काढून तक्रार टाका. म्हणजे तुमचं कबूल करणं आणि रेतीवाल्याला जाब विचारणं एकाच जागी होईल. घरमालक भेटला तर सांगा, तुमच्या ढिगामुळे हिचं हाड मोडलंय, निदान तीन बाजूंनी विटांची ओळ लावा आणि रात्री वर ताडपत्री घाला. बहुतेक जण ऐकतात. रेतीवर पडलेली बाई समोर उभी असली की जास्त ऐकतात.

हेल्मेट घ्यायला तिला बरोबर न्या. तुमच्या मापाचं जुनं तिच्या डोक्यावर चढवू नका. आयएसआयचा शिक्का आणि त्याखाली आयएस ४१५१ हा क्रमांक बघा, तोंडासकट झाकणारं घ्या, अर्धी टोपी नको. घालून पट्टा आवळायचा आणि मागून वर-पुढे ओढायचं. डोक्यावरून निघून आलं तर माप मोठं आहे. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही ही बायकांची खरी अडचण आहे, दुकानात त्याची लाज वाटायचं कारण नाही. वेणी घालून जावं. साडीवर बसायचंच झालं तर दोन्हीकडे पाय टाकून बसता येत नाही, मग समारंभाला जाताना सरळ रिक्षा करा, ऐंशी-शंभर रुपयांनी कुणी गरीब होत नाही. एरवी सलवार किंवा जीन्स, पाय दोन्हीकडे, ओढणी आत खोचलेली, हात रिकामे. मागे धरायला कडी, पायाला पायदान आणि मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी हवी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ व्या नियमात लिहिलंय. ती जाळी 'गाडी स्पोर्टी दिसत नाही' म्हणून तुम्ही काढून ठेवली असेल, तर माळ्यावरून उतरवा.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर मांडा, कारण 'फक्त ४०' हे तुमच्या मनात घट्ट बसलंय. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. काहीतरी दिसलं, ते काय आहे हे कळलं आणि हात ब्रेकवर आला, यात दीड सेकंद धरला तर १६-१७ मीटर गेले, तोवर ब्रेक लागलेलाच नाही. पुढे कोरड्या डांबरावर थांबायला आणखी दहा. एकूण सत्तावीस. ताशी २५ नं हेच सगळं साडेचौदा मीटरमध्ये उरकतं, जवळजवळ निम्म्यात. आणि हे रेती नसताना. रेती दिसलीच तर जो काही ब्रेक लावायचा तो तिच्या आधी, गाडी सरळ असताना. रेतीवर चढलात की ब्रेक सोडा, रेस पिळू नका, हँडल शांत धरा आणि जेवढं कमी वळता येईल तेवढं कमी वळा. चौकात मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. 'अपन तो धीरे ही चलाते भिया' हे आपण रोज म्हणतो, एकदा खरंच करून बघायचं.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तिच्या हाती ब्रेक द्या. खरा नाही देता येणार, पण खूण ठरवता येते: तिनं खांद्यावर दोनदा थोपटलं की तुम्ही वेग कमी करायचा. का, कशाला, काही दिसलं का, हे विचारायचं नाही. रस्ता मोकळा असला तरी. पहिल्या महिन्यात ती उगाच थोपटेल, मुद्दामसुद्धा, तुम्ही ऐकता का ते बघायला. दर वेळी ऐका. एकदा जरी 'अगं काही नाहीये' म्हणालात, की ती पुन्हा सिटी बसच्या थांब्यावर दिसेल.

पहिली फेरी रात्रीची नको, लांबची नको, नातेवाइकांकडे तर मुळीच नको, तिथे दारातच सगळे टाळ्या पिटतील. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, पोहे-जिलबी खायला जा. अर्ध्या वाटेत ती 'थांब' म्हणाली तर गाडी बाजूला लावा आणि उरलेलं चालत जा.

विम्याच्या एजंटला त्याआधी फोन करा. कार घ्यायची की नाही ते सावकाश ठरवा, पण बाइक जोवर घरात आहे तोवर तिचा विमा भरावाच लागेल. या वेळी मागच्या सीटचे पैसे भरून घ्या, आणि पॉलिसीत तसं लिहून आलंय का ते वाचून बघा. नुसतं 'हो साहेब, सगळं कव्हर आहे' यावर विसंबू नका.